बारावा अंगठा

सप्टेंबरचा पहिला आठवडा उलटला की आमच्या मॉन्ट्रियलशेजारच्या लव्हालमधल्या ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये टोमॅटोच्या पेट्या उतरतात. लांबट, टोकाला निमुळते, रस कमी आणि गर जास्त असलेले टोमॅटो. सकाळी गवतावर दव असतं, हवेत पहिला गारवा, आणि दुपारी मात्र ऊन असं पडतं की उन्हाळ्याला अजून जायचंच नाहीये. म्हातारे इटालियन लोक पेट्यांभोवती गोळा होतात. टोमॅटो दाबून बघतात, वास घेतात, नाक मुरडतात आणि तरी पंधरा-वीस पेट्या गाडीत घालतात. मला एवढे टोमॅटो लागत नाहीत. तरी मी तिथं थांबतेच. त्या पिकलेल्या, किंचित आंबूस वासात मला नेहमी रंगाचा वास मिसळलेला येतो. रस्त्यावर पट्टे मारतात ना, त्या रंगाचा.

आम्ही नागपूरचे. आधी किचनरला चार वर्षं काढली, मग मला इथल्या औषधांच्या कंपनीत काम मिळालं आणि आम्ही लव्हालला आलो. नवरा प्रशांत आठवड्यातले तीन दिवस ओटावाला, उरलेले घरून. मे महिन्यात जोडघरातलं अर्धं घर घेतलं आणि त्याच वर्षीचा तो सप्टेंबर. भिंतीपलीकडच्या अर्ध्या घरात रेन्झो राहायचे. वय चौऱ्याऐंशी, उंच, पाठीत थोडे वाकलेले, डोक्यावर सदा एक मळकी टोपी. मला एवढंच ठाऊक होतं की हे आयुष्यभर रस्त्यावर पट्टे मारायचं काम करून रिटायर झाले आहेत आणि बायको दोन वर्षांपूर्वी गेली आहे. कुंपणावरून 'बाँजूर' व्हायचं, हवेबद्दल बोलणं व्हायचं. त्यापुढे माझं फ्रेंच संपायचं.

एका शनिवारी त्यांची मुलगी क्लाउदिया दारात आली. पन्नाशीची, केस घाईत बांधलेले, दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनवर नोकरी. इंग्रजी स्वच्छ बोलायची. म्हणाली, "आमचा सॉस करायचा दिवस आहे. आई असताना सहा हात असायचे, आता चारच उरलेत. तासभर येशील?"

मी नऊ वर्षांच्या मैत्रेयीला घेऊन गेले. तासभर म्हणून गेले ती संध्याकाळी परत आले.

गॅरेजमध्ये मोठ्या गॅसवर पिंपाएवढं पातेलं रटरटत होतं. टोमॅटो धुवायचे, चिरायचे, यंत्राच्या तोंडात सारायचे आणि दांडा फिरवायचा. एका बाजूनं लाल गर, दुसऱ्या बाजूनं सालं आणि बिया. काचेच्या बरण्या भरायच्या आणि प्रत्येकीत तुळशीसारखं दिसणारं एक पान टाकायचं. हात कोपरापर्यंत लाल. मला नागपूरच्या गच्चीवरच्या कुरडया आठवल्या. चीक शिजला की आई, मावशी, शेजारच्या बाया, सगळ्या एकदम बोलायच्या आणि कुणीच कुणाचं ऐकत नसे. इथं मैत्रेयी धरून चौघंच होतो आणि फार शांतता होती. मध्येच बरण्या कमी पडल्या, तेव्हा क्लाउदियानं मला बेसमेंटमध्ये पाठवलं.

इटालियन घरांत बेसमेंटला दुसरं स्वयंपाकघर असतं, तसं इथंही होतं. फडताळावर रिकाम्या बरण्या. मी दोन उचलल्या, त्यांच्या मागे भिंत दिसेल म्हणून पाहिलं, तर मागे अंगठा होता.

माणसाचा अंगठा, पण दाराएवढा. गुलाबी, गुळगुळीत, नखावर पांढऱ्या उजेडाचा चौकोन. खाली कशाचीतरी हिरवी कड. पत्र्यावर चकचकीत ऑइलपेंटनं रंगवलेला. त्याच्या शेजारी भिंतीला टेकवून किती तरी फळ्या, पत्रे, गुंडाळलेली कापडं. मी बरण्या घ्यायचं विसरले.

वर येऊन मी विचारलं, "तो अंगठा कुणाचा आहे?"

रेन्झोंनी दांडा फिरवायचा थांबवला. क्लाउदियानं सुस्कारा टाकला.

"साबणाच्या जाहिरातीतल्या बाईचा," ते म्हणाले. "सगळे तिचा चेहरा बघत. साबण बघत. साबण धरलेला अंगठा कुणीच बघत नव्हतं. मी बघितला."

क्लाउदिया मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुजाता, प्लीज, त्यांना याच्यात ओढू नकोस. एक ऑक्टोबरला ते वृद्धांच्या रेसिडेन्समध्ये राहायला जाणार आहेत. हिवाळ्यात जिन्यावरून पडले होते, तू आलीस त्याच्या आधी. महिनाअखेरीला कंटेनर मागवलाय. खालचं सगळं त्यात जाईल. मी एकटी आहे गं, एवढं सामान कुठं ठेवू?"

तिचंही खरं होतं. कंटेनर म्हणजे घराचा कचरा न्यायला घरापुढच्या ड्राइव्हवेत आणून ठेवतात ती लोखंडी पेटी. चार माणसं उभी राहतील एवढी. मी मान डोलावली आणि बरण्या भरत राहिले. पण डोक्यातून तो अंगठा जाईना.

सोमवारी कामावरून आल्यावर मी सरळ त्यांच्या दारात गेले. कारण विचारलं तर सांगता आलं नसतं. आमच्या कंपनीत माझं काम कागदपत्रांचं. कुठली गोळी कुठल्या दिवशी, कुणाच्या हातून, कशापासून तयार झाली, ते सगळं नोंदवलेलं असलं पाहिजे. आमच्या खात्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात : जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. दाराएवढा अंगठा घडला होता आणि त्याबद्दल कुठं काही लिहिलेलं नव्हतं, हे मला सोसवेना, असं म्हणू या.

"मला विचारायचं होतं," मी म्हणाले, "की तुम्ही चित्रकार होता का?"

"होता?" ते हसले. "खाली चल."

मग त्या सप्टेंबरच्या संध्याकाळी अशाच गेल्या. सहा ते साडेसात. रेन्झो खुर्चीवर बसत, मी एकेक चित्र ओढून उजेडात आणत असे, आणि ते फ्रेंच, इंग्रजी आणि हातवारे मिळून सांगत. मी वहीत मराठीत लिहून घेत असे, कारण तेवढ्या वेगानं मला दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहिता येत नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्या पानांवर टोमॅटोचे डाग आहेत.

दक्षिणेतल्या एका गावातून अठराव्या वर्षी ते रोमला आले, सिनेमाची पोस्टरं रंगवायला. मोठे चेहरे मोठे कारागीर करत, यांच्या वाट्याला कोपरे. नटीच्या कानातला डूल, मोटारीचं चाक, खालची अक्षरं. त्याच काळात तिथली तरुण चित्रकार मंडळी रस्त्यावरच्या गोष्टी चित्रांत आणू लागली होती, जाहिराती, पाट्या, डबे, बाटल्या. पुढे त्या सगळ्याला पॉप आर्ट म्हणू लागले. रेन्झोंनी पोस्टरवाल्याचा उरलेला ऑइलपेंट आणि भंगारातले पत्रे घेतले आणि कुणी न पाहिलेले कोपरेच मोठे करून रंगवले. अकरा अंगठे. बाटली धरलेला, सिगारेट धरलेला, बाळाची दुधाची बाटली धरलेला. एका गॅलरीनं प्रदर्शन भरवलं. लोक आले, हसले, आणि अकराच्या अकरा विकले गेले. गॅलरीचा मालक म्हणाला, आणखी कर.

"मग?"

"मग बारावा केला. हा." त्यांनी पत्र्यावर बोट वाजवलं. "आणि सोडून दिलं."

"का पण? लोकांना हवे होते ना?"

त्यांनी अंगठ्याच्या नखावरची धूळ बाहीनं पुसली.  मग सावकाश म्हणाले, "बारावा करताना मला आधीच माहीत होतं तो कसा दिसणार. तसाच दिसला."

मी ते वहीत लिहिलं आणि पेन तसंच धरून बसले. आपल्याकडे मेहनतीनं एखादी वाट सापडली की माणूस ती घट्ट धरतो. माझ्या वडिलांनी एकाच खात्यात चौतीस वर्षं काढली आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. त्यांच्या नोकरीवरच आम्ही तिघं भावंडं शिकलो. हातात आलेलं यश, फक्त त्याचा शेवट ठाऊक झाला म्हणून कुणी खाली ठेवतं? मला ते पटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सहा वाजायच्या आधीच मी त्यांच्या दाराशी होते.

अंगठ्यांनंतर त्यांनी न्हाणीघराच्या पडद्यांवर चित्रं काढली. मग साबणात रंग कालवून पाहिला, ती चित्रं उंदरांनी खाल्ली. "उंदरांना आवडली, गॅलरीला नाही," ते म्हणाले. दर वेळी नवं काही. मालकानं विचारलं, याला मी काय नाव देऊ, लोकांना कसं सांगू? हळूहळू बोलावणी थांबली. मग मॉन्ट्रियलला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथल्या एका मंडपाच्या भिंती रंगवायला माणसं हवी होती, तेव्हा ते इकडं आले. गॅलरीतच काम करणारी लुचिया, म्हणजे क्लाउदियाची आई, मागोमाग आली. प्रदर्शन संपलं, ते राहिले. रस्ते रंगवणाऱ्या कंत्राटदाराकडे लागले.

"शिकलेला पहिला फ्रेंच शब्द 'आरे'," ते सांगत. "थांबा. दिवसाला चाळीस वेळा लिहायचो."

आणि इथला हिवाळा! नोव्हेंबरपासून रस्त्यावर मीठ पडतं, बर्फ खरवडणारे नांगर फिरतात, विंटर टायर घासतात, आणि एप्रिलमध्ये पाहावं तर पट्टे गेलेले असतात. मग पुन्हा रंगवायचे. बाकीचे कामगार वैतागत. रेन्झो वाकून बघत बसत. कुठला पट्टा कसा झिजला, वळणावर वेगळा का, बसथांब्यापाशी वेगळा का. मग त्यांनी घरच्या ड्राइव्हवेत रंगवलेल्या फळ्या ठोकल्या आणि त्यांच्यावर हिवाळाभर गाडी चालवली. फावड्यानं बर्फ शोव्हल केला तो त्यांच्यावरूनच. वसंतात उखडून खाली नेल्या. प्रत्येकीच्या मागे लिहिलेलं, हिवाळा एक, हिवाळा दोन. सव्वीस हिवाळे होते.

मी त्यातली एक फळी खिडकीशी उभी केली. पिवळ्यावर पांढरं, पांढऱ्यावर ओरखडे, मिठानं खाल्लेल्या जागी खालचं लाकूड. पहिल्यांदा भंगार वाटली. दहा मिनिटांनी तिच्यात रस्ता दिसायला लागला, मी रोज जाते तो, फेब्रुवारीतला. खोटं कशाला सांगू, सुंदर म्हणावी की नाही ते मला कळलं नाही. पण डोळा हलेना.

प्रशांत एकदा जेवताना म्हणाला, "काय करून राहिली तू तिथं रोज? टोमॅटो गाळाले गेल्ती ना?"

"विचारून राहिले," मी म्हणाले.

"काय?"

"काहीबी."

तिसऱ्या आठवड्यात बिस्किटांच्या डब्यात पत्रं सापडली. इटलीतल्या एका संग्रहालयाची, पाच, दोन वर्षांत आलेली. रेन्झोंनी वाचून दाखवलं. एलेना नावाच्या बाई त्या काळच्या रोमवर प्रदर्शन करत होत्या, अंगठे शोधत होत्या. एखादा उरला आहे का? कृपया कळवावे.

"तुम्ही उत्तर दिलं नाही?"

"पाचही पत्रांत फक्त अंगठा," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझं पुढचं आयुष्य कुणी विचारत नाही. मी काय बारा चित्रं काढून मेलो?"

कंटेनर यायला नऊ दिवस उरले होते. मी म्हणाले, "मी लिहू का? अंगठा आहे, पण बाकीचं पाहणार असाल तरच दाखवू, असं?"

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "लिही."

त्या शनिवारी क्लाउदिया सामान बांधायला आली आणि मी अजून तिथंच आहे हे पाहून चिडली. "मी सांगितलं होतं तुला! तू रोज येतेस, ते रोज आशेला लागतात. एक तारखेला त्यांना इथून उठवायचं मला आहे, तुला नाही." मी वही मिटली.  रेन्झो शांतपणे म्हणाले, "एकच उरलंय. ते बघू आणि संपवू."

ती लोखंडी ट्रंक होती. रोममध्ये त्यांनी कामगारांच्या अंगरख्याचं स्वस्त निळं कापड गच्चीवर पसरून त्यावर वस्तू आणि पुठ्ठ्याचे आकार ठेवले होते, उन्हाळाभर. ऊन लागेल तिथं निळा उडतो, झाकलेलं राहतं. उन्हानं काढलेली चित्रं. पण उजेडात ठेवली तर उरलेला निळाही जाणार, म्हणून ट्रंकेत बंद. पन्नासाहून जास्त वर्षं उघडली नव्हती.

"उघडलं तर खराब होईल ना?" मी विचारलं.

"थोडं होईल. पण मलाही बघायचंय."

आम्ही ते गॅरेजच्या दाराशी उलगडलं. मला तो निळा ओळखीचा होता. एप्रिलमधल्या मिरवणुकीनंतर आमच्या नागपूरच्या वस्तीतले झेंडे छतांवर तसेच राहायचे, पावसाळ्यापर्यंत त्यांच्या घड्यांत एक निळा आणि बाहेर दुसरा निळा असायचा. इथं फिक्या निळ्यावर गडद कात्री होती, ताटली होती, आणि मध्यभागी एक हात. बोटं पसरलेली, करंगळी टोकाला आत वळलेली.

क्लाउदिया जवळ आली. वाकली. "हा आईचा आहे," ती म्हणाली.

"तिनं पुठ्ठ्यावर हात ठेवला, मी पेन्सिल फिरवली," रेन्झो म्हणाले. "तेव्हा लग्न झालं नव्हतं."

"तुम्ही मला कधीच दाखवलं नाही."

"तू कधी विचारलं नाहीस. आणि मीही..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

क्लाउदियानं कापडाच्या कडा उचलून ते उन्हातून आत ओढलं. सावलीत नेऊन घडी घातली, घडीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मग गॅरेजबाहेर जाऊन फोन लावला. कंटेनर एक आठवडा पुढे ढकलला होता.

माझी मेल मिळताच एलेनाबाई इटलीहून निघाल्या आणि सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी आल्या. बारीक, चष्मा गळ्यात अडकवलेला, पायात धावायचे बूट. अंगठ्यापुढे पाच मिनिटं थांबल्या, आणि हिवाळ्यांपुढे दोन तास. गुडघ्यांवर बसून प्रत्येक फळीची कड पाहत होत्या. माझ्या वहीतलं त्यांनी मला वाचून दाखवायला लावलं. मी मराठीतून इंग्रजीत सांगायचे, त्या इटालियनमध्ये लिहायच्या, आणि रेन्झो मध्येच दुरुस्त करायचे. आयुष्यात इतक्या भाषांतून एखादी साधी गोष्ट मी कधी नेली नव्हती.

सगळं मात्र त्यांना नेता येणार नव्हतं. "माझ्याकडे एक दालन आहे, गोदाम नाही," त्या स्पष्ट बोलल्या. "अंगठा, सात हिवाळे, आणि ते निळं कापड."

"कापड नाही," क्लाउदिया म्हणाली.

"पण तेच सर्वांत..."

"नाही."

रेन्झो दोघींकडे पाहत होते. सगळं किंवा काहीच नाही, असं ते मेल गेल्यापासून मला बजावत होते. आता म्हणाले, "सात कुठले? मी निवडतो." आणि निवडायला बसले. एलेनाबाईंनी सुबक फळ्या काढल्या होत्या, त्यांतल्या चार त्यांनी परत केल्या. "ही छान दिसते, पण हिच्यात काही झालं नाही." त्यांच्या जागी चार ओबडधोबड आल्या. एलेनाबाईंनी आधी भुवया उंचावल्या, मग हसल्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी कंटेनर आला. बरंच काही त्यात गेलं, हे लपवायचं कशाला? पडदे गेले, अर्धे पत्रे गेले, पंधरा हिवाळे गेले. रेसिडेन्सला गेलेले रेन्झो त्या दिवसापुरते परत येऊन ड्राइव्हवेत खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक वस्तूपाशी सांगत होते, ही का फसली. चार हिवाळे आमच्या बेसमेंटमध्ये आले. मी रडवेली झाले होते. ते नव्हते. लोखंडावर पत्रा आदळल्याचा आवाज त्यांना आवडत होता की काय, कुणास ठाऊक. निळं कापड क्लाउदियाच्या कपाटात, काळ्या पिशवीत गेलं. वर्षातून एकदा, आई गेली त्या दिवशी, ती ते पाच मिनिटं उघडते. तेवढा निळा उडाला तरी चालेल, असं तिनं ठरवलंय.

रेन्झो आता नाहीत. तीन वर्षं झाली. भिंतीपलीकडे एक तरुण जोडपं राहतं, ते बाटलीतला तयार सॉस आणतात. मैत्रेयी आता पंधरा वर्षांची आहे. परवा तिच्या मैत्रिणीनं आमच्या बेसमेंटमधली फळी पाहून विचारलं, "इज दॅट आर्ट?" मैत्रेयीनं खांदे उडवले. "आय डोन्ट नो. बट लुक ॲट इट फॉर टेन मिनिट्स." मी जिन्यात होते, तिथंच थांबले.

प्रदर्शन त्या सप्टेंबरनंतरच्या वसंतात उघडलं. रेन्झोंना प्रवास झेपणार नव्हता, क्लाउदिया गेली. तिकडून तिनं फोटो पाठवले, उंच पांढऱ्या भिंतीवर सात हिवाळे, पुढे माणसांची दाटी. तिथल्या वर्तमानपत्रानं अर्धं पान दिलं होतं. अंगठ्याबद्दल दोन ओळी आणि बाकी सगळं हिवाळ्यांबद्दल. मी ते सगळं फोनमध्ये घेऊन रेसिडेन्सला पोचले तेव्हा दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. ते खोलीत नव्हते. जेवणघरात होते, टोपी घालून. टेबलाटेबलावरून ताटाखालचे कागद गोळा करत होते. कुणाचं सूप सांडलेलं, कुणाच्या कपाचं वर्तुळ, कुणाची थरथरती रेघ. काठीवर भार देऊन ते प्रत्येक कागद उजेडाकडे धरत आणि काही परत ठेवत.

मी फोन पुढे केला. वर्तमानपत्र वाचून दाखवलं, जमेल तसं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, एक फोटो मोठा करून पाहिला, मान हलवली. खूश झाले होते, ते दिसत होतं.

"छान लावलंय," ते म्हणाले. मग फोन मला परत दिला आणि हातातला कागद माझ्यासमोर टेबलावर पसरला. मध्यभागी बिटाचा लाल डाग हळूहळू कडेकडे सरकत होता.

"ते वाळलं, सुजाता. हे बघ, हे अजून ओलं आहे."

मी खुर्ची ओढली.